हाताने आणलेला पूर

खूप खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. मोठ्यांनीही ऐकावी अशी.

एका नदीकाठच्या गावात केरोबा नावाचा लोहार राहत होता. एका वर्षी भरदुपारी पूर आला आणि धुणं धुवायला गेलेली त्याची बायको वाहून गेली. तिला सावध करायला कुणी नव्हतं. असं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून केरोबाने काठावर एक बुरूज बांधला आणि त्यावर घंटा टांगली.

बुरुजाच्या पोटात एक ओंडका होता. तळाच्या भोकातून पाणी आत शिरलं की ओंडक्याने वर यायचं, त्याला जोडलेल्या दांड्याने हातोडा अडवून धरणारी खिटी सरकवायची, आणि हातोडा सुटून घंटा वाजायची. ओंडका, दांडा, खिटी सगळं केरोबाने एकसंध जोडून टाकलं. वरून दगड-चुन्याने बुरूज बंद केला. त्याला वाटलं, आता याला कुणाचा हात लागायला नको.

पाच वर्षं गेली. पूर आला नाही, घंटा वाजली नाही.

त्या उन्हाळ्यात केरोबाची लेक राही बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. एके सकाळी बाळाला मांडीवर घेऊन राही म्हणाली, "आबा, घंटा वाजेल ना हो?"

"पूर आला की कळेलच."

"तेव्हा कळून काय उपयोग?"

केरोबा चिडला. "मग काय, नदीला सांगू, जरा चढून दाखव म्हणून?"

राही हसली नाही. हळूच म्हणाली, "नदीची काय गरज? दांडा आणि ओंडका वेगळे करा. दांड्याला खाली नुसती कडी ठेवा. जो कडी उचलेल, तो दांड्यासाठी पूर. मग ओंडका उचलो, नाहीतर माझा हात."

ज्या दुःखात तो बुरूज बांधला होता, त्यावर घण घालायला केरोबाचा हात धजेना. पण बाळाने त्याचं बोट मुठीत धरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने भिंत फोडली, दांडा ओंडक्यापासून सोडवला आणि त्याला कडी बसवली.

राहीने कडी वर उचलली. घंटा वाजली नाही. पुन्हा उचलली. नाहीच. केरोबाने वर चढून पाहिलं, तर खिटी गंजून जाम झालेली.

तो तिथेच खाली बसला. "पाच वर्षं गाव माझ्या भरवशावर राहिलं गं, पोरी. आणि ही वाजणारच नव्हती."

राहीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आज कळलं ना, आबा? आज कोरडं आहे. उठा."

केरोबाने नवी खिटी घडवली. राहीने कडी उचलताच घंटा अशी घणघणली की बाळ दचकून रडू लागलं आणि म्हातारा रडता रडता हसला. मग त्यांनी ओंडका पाण्याने भरलेल्या काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एकटाच तरंगवून पाहिला. तो ठीक होता. मगच त्याला कडीत अडकवलं.

श्रावणात डोंगरावर ढग फुटले. गावात ऊन होतं, बायका घाटावर होत्या, आणि अचानक घंटा वाजू लागली. बायका धुणं टाकून पळाल्या. पाण्याने घाट गिळला, कपडे नेले. माणूस मात्र एकही गेलं नाही.

आज जावा या संगणकाच्या भाषेत क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचे एकेक तुकडे, लिहिणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. क्लासला जे लागतं ते त्याने स्वतःच्या पोटात घडवू नये, बाहेरून त्याच्या हाती द्यावं. मग चाचणीच्या वेळी खऱ्याच्या जागी लुटुपुटीचंही देता येतं.

शिकायचं ते एवढंच: ज्याला जे लागतं ते बाहेरून जोडता आलं, तर त्याची पारख करायला संकटाची वाट पाहावी लागत नाही.