मैनेचा कौल

एका राज्यात राजा निपुत्रिक गेला. तिथली रीत अशी, की पौर्णिमेला प्रत्येकाने देवळातल्या घागरीत एक फूल टाकावं. ज्याच्या घागरीत फुलं जास्त, तो राजा. एक घागर विकराळ जादूगाराची, दुसरी प्रधानाच्या लेकीची, सुनीतीची.

विकराळाची एक मैना होती. ती दारी जाऊन विचारी, "कौल कुणाला?" मग चौकात ओरडे, "विकराळ जिंकणार!" ते कानी पडलं की सुनीतीच्या माणसांची पावलं उंबऱ्यातच रुतत. "पौर्णिमेला जाऊन काय उपयोग?" म्हणत ती बसून राहत. वेशीवरचा पहारेकरी शंभुनाथ मैनेला म्हणाला, "विचारलंस तरी कुणाला?" विकराळाने तिथल्या तिथे त्याचा दगड केला. सुनीती जिंकली तरच तो माणूस होणार, नाहीतर जन्माचा दगड.

शंभुनाथाची बायको इंदुमती. रोज त्या दगडाला गंध लावी. त्या महिन्यात साऱ्या बायकांचं मौनव्रत. उगवतीपासून दिवेलागणीपर्यंत शब्द नाही. एका सकाळी मैना तिच्या दारी आली. "कौल कुणाला?" इंदुमती गप्प. "गप्प म्हणजे होकार. विकराळ!" म्हणत मैना उडाली.

दिवा लागला, मौन सुटलं. तिने मैनेला गाठलं.

"अगं बये, व्रताला होकार म्हणतेस?"

मैना ओशाळली. "शापात आहे, बाई. मालक सांगेल तिथे, सांगेल तेव्हाच विचारते. न विचारलेल्या तीन ठिकाणी कुणी नेलं, तर सुटेन."

इंदुमतीने तिला खांद्यावर घेतलं. आधी नेलं गल्लीतल्या बायकांत. सगळ्या एकदम बोलल्या, "मेला विकराळ! सुनीतीला गं, सुनीतीला!" मग तटामागच्या कुंभारांकडे. म्हातारा कुंभार हसला, "आमच्याकडे पाखरू वाट चुकलं वाटतं! सांग, सुनीती." पहाटे नावेतून पैलतीरी. तिथे काही विकराळाचे निघाले.

"त्यांचंही सांग हो," इंदुमती म्हणाली. "खोट्याने माझा दगड हलायचा नाही."

पौर्णिमेला शापातून सुटलेली मैना चौकात बोलली, "मौनाला होकार म्हटलं, चुकले. आता सगळ्यांना विचारलं. पुष्कळ सुनीतीकडे, काही विकराळाकडे. पण हे नुसतं बोलणं. राजा तुमच्या फुलाने ठरेल."

रुतलेली पावलं सुटली. दुपारपर्यंत सुनीतीची घागर ओसंडली. विकराळाचे मंत्र विरले. तो गुमान राज्य सोडून गेला. सुनीतीने हुकूम केला, मैनेने खुशाल विचारावं, पण कुणाला आणि कधी विचारलं ते आधी सांगावं.

दिवेलागणीला वेशीवर दगड हलला. शंभुनाथाने डोळे चोळले. "एवढी गर्दी कसली? कुणाचं लग्न?"

"आधी जेवायला चला," इंदुमती म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत किती दिवसांनी हसली.

तिच्या जिवाचा घोर मिटला, तसा ऐकणाऱ्यांचाही मिटो.