ग्रेगसाहेबांचे अठरा गोलवीर

मेलबर्नकडचा फुटबॉल अठरा-अठरा गड्यांचा, चेंडू हातानेही झेलायचा. तिथल्या एका क्लबाचे अध्यक्ष ग्रेगसाहेब हट्टाला पेटले. "यंदा संघात फक्त गोल मारणारे उंच गडी घ्यायचे. हे मागे राखण करणारे, चेंडू पुढे आणून देणारे बुटके हाकला!"

संघ निवडणारी अनसूया तांडेल कडाडली, "आधी दोघांची झुंज लावा. माझे बुटके हरले तर त्यांच्यासोबत मीही चालती होते."

सामना सुरू झाला. साहेबांचे अठराही गडी गोलापुढे हात वर करून चेंडूची वाट बघत उभे! तो आणायला एकही हलेना. बुटक्यांनी धावून धावून गोलांचा सडा घातला.

"अहो बाई, माझ्या गड्यांना झालंय काय?" साहेब ओरडले.

"काय व्हायचंय? सगळेच पंगतीला बसवलेत, साहेब. वाढायला कोण ठेवलंय?"

बुटके क्लबात राहिले. त्या दिवसापासून निवडीच्या बैठकीत पहिली खुर्ची बाईंची मांडतात, तीही साहेब स्वतः.