डावीकडं जाणारा बॉल

"नवा डाव सांगा, वस्ताद. एकच सांगा. बाकीचं मी बघतो."

ऋतुराज इंगवले कॉलेजच्या टीमचा कॅप्टन. कोल्हापुरात लहान पोरंही त्याचं नाव घेऊन ओरडायची, आणि त्या ओरडण्यानं त्याचं डोकं पार बिघडवलं होतं. तरी टीम दोन वर्षं सेमीफायनलला मार खात होती. रविवारी पुन्हा तीच मॅच, तेच कॉलेज समोर. प्रिन्सिपलनी तोंडावर सांगितलं होतं, औंदा हरलात तर टीम बंद.

म्हणून तो सगळी टीम घेऊन मैदानावर दस्तगीर वस्तादांकडं आला होता. म्हातारा पेठेतल्या तालमीच्या टीमकडनं फुटबॉल खेळून गुडघे घालवून बसलेला. बोलणं कमीच.

"आधी खेळून दाखवा," वस्ताद म्हणाले. आणि खुर्ची फिरवून मैदानाकडं पाठ करून बसले.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पण ऋतुराजनं टीमचे दोन भाग केले आणि खेळ सुरू केला.

"डावीकडं गेला," वस्ताद म्हणाले.

गेला होता.

"आता ऋतुराजला दिला."

दिला होता.

"मारला... अडवला."

पोरं हसली. मग हसायची थांबली.

ऋतुराज तरातरा आला. "मी 'दे, दे' म्हणून ओरडतो, ते ऐकून सांगताय."

"मग ओरडू नको."

त्यानं रुमाल काढून स्वतःच्या तोंडाला करकचून बांधला. जिद्द होती पोरात, नाही म्हणता येणार नाही. खेळ सुरू झाला. मैदानात चिडीचूप.

"डावीकडं," वस्ताद म्हणाले. "ऋतुराज."

त्यानं रुमाल ओरबाडला. "आता कसं ऐकलंत?"

"ऐकलं न्हाई रं. बॉल तुझ्याबिगर दुसरीकडं कुठं जाणार हाय?"

...

ऋतुराजनं बुटाच्या टाचेनं माती उकरली.

"मग मला बाहेर बसवा," तो म्हणाला.

"लई सोपं मागतोयस. बसायचं न्हाई. डावीकडनंच पळायचं. जीव तोडून. हात वर करून 'दे, दे' करायचं."

"आणि बॉल?"

"येणार न्हाई."

"एकदाही?"

वस्ताद मैदानाकडं पाठ करूनच बसले.

ऋतुराजनं आपल्या बाजूच्या पोरांना तेवढं बोलावलं, दात आवळून सगळं समजावलं. मग पळाला. घसा फाडून ओरडत पळाला. समोरचे दोन बॅक सवयीनं त्याच्या अंगावर गेले.

"डावीकडं," वस्ताद म्हणाले.

उजवीकडनं अमजदनं, ज्याला आजवर कुणी धड पास दिला नव्हता, गोल मारला. पोरं नाचायला लागली. अमजदला उचललं. ऋतुराजकडं कुणी बघितलंही नाही.

तो धापा टाकत खुर्चीपाशी आला. घाम डोळ्यांत गेलेला, नुसता घामच होता की काय, देव जाणे.

"चुकलात, वस्ताद."

"व्हय. चुकलो."

"रविवारी असाच पळतो. टीम बंद होऊ देत नाही मी." तो थांबला. "पण बॉल नसताना किती वेळ पळायचं?"

"त्यांचे बॅक तुझ्यामागं येत्यात तवर."

"आणि यायचे थांबले तर?"

वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच आधारानं उठले.

"तवा बॉल माग."