अकरा खांबांची सावली

ही गोष्ट अगदी खरी आहे, गळ्याशपथ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची असल्यामुळे तेव्हा माझे डोळे जन्मले नव्हते. पण तेवढ्यावरून कुणी मला खोटं पाडू नये.

एका राजधानीच्या वेशीबाहेर अकरा दुकानांची एक ओळ होती. ऊन असं कडक की एकाच्या दुकानातला गूळ वितळून शेजारच्या दुकानात जायचा आणि तो कुणाचा यावरून भांडणं व्हायची. म्हणून तिथं एक रीत होती. प्रत्येक दुकानापुढं एक खांब, आणि आपल्या कापडी छताचं टोक बांधायचं ते शेजाऱ्याच्या खांबाला. टोकाच्या दुकानाचं तेवढं चिंचेला. अशी सगळ्यांची मिळून एकच लांब सावली पडायची.

पुढं वेशीच्या आत एका शेटजींनी भला मोठा बाजार उघडला. सुईपासून हत्तीच्या झुलीपर्यंत सगळं एका छपराखाली, वर वाळ्याचं गार पाणी फुकट. गिऱ्हाइकं आत वळली. मग शेटजींनी ओळीतल्या अत्तरवाल्याला आपल्या बाजारात गादी देऊ केली. अट एकच, येताना खांब उपटून आणायचा.

अत्तरवाला खांब खांद्यावर टाकून गेला.

शेजारी येसू कासारणीचं दुकान होतं. तिच्या छताचं टोक सुटलं आणि ऊन थेट लाखेच्या बांगड्यांवर आलं. लाख तापली की बांगडी वाकते. दुपारपर्यंत सगळा माल गेला असता. येसू उठली की तिचा खांब जाणार, तिचा गेला की पुढच्याचं छत खाली येणार. शेटजींचा बेत सरळ होता.

येसूनं लोंबतं टोक मनगटाला गुंडाळलं, हात वर केला आणि खांबाच्या खड्ड्यात पाय रोवून उभी राहिली.

शेटजी पालखीतून आले. "आजी, अशा किती वेळ उभ्या राहणार?"

"तू पालखीतून उतरून पायी घरी जाशील तोवर."

"आमच्याकडं एक कोपरा रिकामा आहे. गादीवर बसा. वारा घालायला माणूस देतो."

"वारा तू घे, तुला घाम फुटलाय. आणि पालखी बाजूला घे. दुकान चालू आहे."

सात दिवस येसू तशीच उभी. आठव्या दिवशी एक नवरी बांगड्या भरायला आली. येसूनं ओळीतल्या लोहाराला हाक मारली, "दादा, हिला बांगड्या भर. माझा हात अडकलाय."

लोहारानं आपल्या राकट हातांनी चार बांगड्या पिचवल्या आणि तो वैतागला. "आक्का, कशाला हा हट्ट? जा की आत!"

"दादा, तुझ्या बायकोच्या हातात नवा चुडा आहे ना?"

"असेल. मग?"

"तो मी भरलेला नाही. तिचं मनगट मला पाठ आहे. बांगड्या बोटभर सैल आहेत. आतून आणल्यास."

शेजारचा कुंभार खुसकन हसला.

"तू रे काय हसतोस? तुझ्या पायातल्या वहाणा आपल्या मोच्याच्या नाहीत, आतल्या बाजारातल्या आहेत, चालताना करकरतात. आणि मोचीभाऊ, मान वळवू नकोस. तुझ्या घरी माठ कुठला आहे?" येसूनं ओळीवरून नजर फिरवली. "शेटजीनं खांब एकच नेला. उरलेले दहा तुम्ही रोज थोडे थोडे हलवताय. ज्याला जायचं असेल त्यानं आत्ता, माझ्यासमोर उपटावा. मी एकटी सगळी छतं धरीन!"

कुणीही खांबाला हात लावला नाही.

कुंभारानं वहाणा काढल्या आणि तापलेल्या मातीवरून अनवाणी मोच्याकडं गेला. "माप घे," म्हणाला. लोहारानं त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. त्यानं लोखंडाचा खांब घडवला आणि येसूच्या पायाखालच्या खड्ड्यात रोवला. दुसऱ्या सकाळी त्याची बायको बांगड्या भरायला येसूपुढं हात करून बसली.

दुकानदार एकमेकांचे गिऱ्हाईक झाले. माल हलू लागला, नवा येऊ लागला. भरलेली दुकानं बघून गावही परत आलं. शेटजींचा बाजार काही बुडाला नाही. पण ओळ मेली की भाव तिप्पट करायचे, हे त्यांच्या मनातलं मनातच राहिलं. अत्तरवाल्याची गादी मात्र पुढच्याच मोसमात दुसऱ्याला गेली. तो परत आला, तेव्हा ओळीनं त्याला टोकाला जागा दिली. फक्त खांब आधी रोवून घेतला.

तात्पर्य: आपली पेठ जगावी असं ज्याला वाटतं, त्यानं आधी तिचं गिऱ्हाईक व्हावं.

आता कबूल करतो. ते आठ दिवस माझ्या पदरचे. येसू उभी राहिली ती सकाळपासून जेवणवेळेपर्यंतच. तेवढ्यात ओळीला लाज वाटली. पण माणसांना इतक्या लवकर लाज वाटते असं लिहिलं असतं, तर तुम्ही मलाच थापाड्या म्हणाला असता.