पाण्याचा मुक्काम

तात्यांच्या नव्या घराच्या भिंती नळ्यांसाठी खोदून तयार होत्या आणि समोरच्या बंगल्यातले त्यांचे थोरले भाऊ, अण्णासाहेब, सल्ला द्यायला हजर होते.

"प्लॅस्टिकच्या नळ्या घातल्यास तर या घरात मी पाण्याला शिवणार नाही. माझ्याकडे भिंतीभर तांबं आहे. तांब्यातलं पाणी म्हणजे औषध."

थोरल्या भावापुढे तात्यांचं तोंड कधी उघडलं नव्हतं. तांब्याचा खर्च केला, तर सून रेवतीची शिवणकामाची खोली रद्द होणार होती.

रेवतीने चहा पुढे केला. "काका, तांब्याचा गुण उतरायला पाणी किती वेळ ठेवायचं?"

"रात्रभर. एवढंही ठाऊक नाही?"

"मग तुमच्याकडे पाणी रात्रभर कुठे असतं?"

सगळ्यांच्या माना वर वळल्या. अण्णासाहेबांच्या गच्चीवर प्लॅस्टिकची काळी टाकी उन्हात चमकत होती.

"तुमचं पाणी मुक्काम करतं प्लॅस्टिकमध्ये आणि तांब्यातून नुसतं पळतं," रेवती म्हणाली. "आमचं पळेल प्लॅस्टिकमधून आणि मुक्काम करेल ओट्यावरच्या तांब्याच्या हंड्यात."

तात्यांनी तिथूनच प्लंबरला हाक मारली, "प्लॅस्टिकच्याच आण रे."

वास्तुशांतीला अण्णासाहेब त्या हंड्यातलं दोन पेले पाणी प्याले आणि निघताना हळूच विचारून गेले, हंडा कुठून घेतला म्हणून.