साखरबोडीची लहानी

तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा साखरबोडीच्या चहूकडे रान होतं, रानात वाघ होता आणि गावाच्या डोक्याशी तलाव होता. तलावाची मातीची पाळ, पाळीच्या पोटात दगडी मोरी, मोरीला लाकडाचं बूच. मोरीतून पाट निघायचा आणि पाटाच्या दोन्ही अंगांना पायऱ्यांसारख्या उतरत जायच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची खाचरं. सगळ्यात वरची बांधी हरबाजी पाटलाची. सगळ्यात खालची सरजा नावाच्या विधवेची.

हरबाजीला धाकटे भाऊ होते, आणि त्यातल्या सगळ्यात धाकट्याची, सोमाची, बायको होती भागरता. पण तिला भागरता म्हणून कोणी हाक मारली नाही. घरातल्या धाकट्या सुनेला तिकडे लहानी म्हणत, म्हणून ती लहानी. लहानी म्हणजे सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या नंतर जेवणारी. हरबाजी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय पडू द्यायचा नाही, अशी रीत. तो अंगणात असला की लहानी भिंत धरून चालायची. तिला त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही. नवरा हसरा होता. सासू बोलायला तिखट पण वाढायला सैल होती. दिवस बरे चालले होते.

मग एका वर्षी पोळा झाला आणि पाऊस गेला, तो परत आलाच नाही. धान गर्भात आलेलं, ऐन पाण्याची वेळ, आणि तलाव अर्धा. हरबाजी म्हणाला, मोरीला माझी बांधी लागून आहे, तेव्हा पाणी आधी माझं. मधल्यांनी जिथं जमेल तिथं पाट फोडला. अर्धं पाणी भेगांत आणि खेकड्यांच्या बिळांत गेलं. खाली थेंब पोचला नाही. सरजा एक दिवस गावाच्या बैठकीत आली, करपलेल्या धानाची मूठ पुरुषांच्या पुढ्यात ठेवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाटावर फावडी उगारली गेली. भांडण सोडवायला गेलेल्या सोमाचं डोकं फुटलं. लहानीनं त्याची जखम धुतली, हळद भरली, फडकं बांधलं. गढूळ पाण्याचा तांब्या ओतताना तिच्या मनात आलं, की पाण्यापायी हे असं होणार असेल तर आज डोकं फुटलं, उद्या जीव जाईल.

जाणती माणसं पुन्हा बसली. मोरी कोणाच्या हाती द्यायची? ज्याचं नाव निघे त्याच्यावर बाकीच्यांचा भरवसा नसे. शेवटी हरबाजीच म्हणाला की आमच्या लहानीच्या हाती द्या. ती कोणाचंही ऐकते. हे सगळ्यांना पटलं, कारण प्रत्येकाला वाटलं, ती आपलं ऐकेल.

सकाळी गाव पाळीवर जमलं. लहानी तोंडावर पदर ओढून आली. लोक दोन्हीकडून सांगू लागले, इतकं उघड, इतका वेळ उघड, अमक्याला आधी, तमक्याला मग. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ती सासूकडे वळली.

"सासूबाई, भासऱ्याईले सांगा, पाणी पहिले सरजाबाईच्या बांधीले जाईन. मग तिच्या वरच्या. असं खालून वर येईन."

भासरा हातभर अंतरावर उभा होता. तरी सासूनं वळून त्याला शब्दन् शब्द सांगितला.

"तिले विचारा," हरबाजी म्हणाला, "माह्या बांधीले कधी?"

"त्याईले सांगा, सगळ्याच्या मागून. अन् वाटेत पाट फुटला, तर त्याहूनही मागून."

पाळीवर कोणी हलेना. सासूनं निरोप पोचवला आणि वर स्वतःचं जोडलं, "अन् मी तुही माय सांगते, पोरगी बरोबर बोलून राह्यली."

हरबाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही, रीतच नव्हती. त्यानं पाहिलं सोमाच्या डोक्यावरच्या फडक्याकडे. मग कोणाच्या तरी हातातलं फावडं घेतलं आणि तो पाटात उतरला.

लहानीनं बूच ओढलं आणि ती पाटाच्या काठानं चालू लागली. असं म्हणतात की वासरू गाईमागं जातं तसं पाणी तिच्या मागं चाललं. ती थांबली की थांबायचं, ती वळली की वळायचं. आणि पाटाच्या दोन्ही काठांवर गाव चाललं. कालपर्यंत पाट फोडणारे आता भेगा बुजवत होते, कारण खालच्याचं भरल्याशिवाय वरच्याला मिळणार नव्हतं. सगळ्यात जास्त घाई होती हरबाजीला, सगळ्यात शेवटचा नंबर त्याचाच ना. एका जागी काठ ढासळला तेव्हा तो स्वतः पाठ लावून भगदाडात बसला आणि लोकांनी त्याच्या खांद्यापर्यंत चिखल थापला. असं म्हणतात की त्याला तिथून उपटून काढताना गाव इतकं हसलं, की भांडणाचं निम्मं विष तिथंच उतरलं.

सरजाची बांधी भरली. मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची. हरबाजीची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी तलावाकडे पाहिलं, आणि तलाव होता तेवढाच होता. कोणी म्हणतं, खाली झरे फुटले. कोणी म्हणतं, पाणी वाया गेलं नाही, म्हणून पुरलं. मी ऐकलं ते असं, की पाण्यालाही कोणीतरी नीट सांगणारं हवं होतं. कसंही असो, त्या वर्षी साखरबोडीत एकही कणगी रिकामी राहिली नाही.

त्यानंतर मोरी लहानीकडेच राहिली. घरात तिच्यामागून सुना आल्या, मग नातसुना, पण लहानी तीच. केस पांढरे झाले, तोंडात दात राहिला नाही, आणि मिशा पिकलेले गडी तिला वाकून म्हणत, "लहानीबाई, यंदा पाणी कधी?" धाकटेपणाचा तो शब्द असा हळूहळू मानाचा झाला.

तलावाची कीर्ती ऐकून राजाचा माणूस शालू आणि किताब घेऊन गावात आला. त्यानं विचारलं, तुमच्यात मोठं कोण? काठी टेकत हरबाजी उठला आणि म्हणाला, "आमच्यात मोठी लहानी." पाहुण्याला वाटलं, म्हातारा चळला. पण गाव मान डोलवत होतं. लहानीनं शालू घेतला आणि सरजाच्या नातीच्या अंगावर घातला. किताब मात्र घेतला नाही.

"मले मोठं नाव देऊ नका," ती म्हणाली. "मोठ्याले पाणी आधी लागते."

हे ती भासऱ्यादेखत बोलली, सरळ, कोणाकडून निरोप न देता. हरबाजी खुदकन हसला म्हणतात.

ती गेली कशी, ते कोणी पाहिलं नाही. एका सकाळी पाळीवर गेली ती परतली नाही. त्या दिवसापासून सारसांची जोडी तलावावर राहायला आली, आणि पाणी सोडलं की त्यातला एक पाटाच्या काठानं अगदी खालपर्यंत चालत जातो, असं म्हणतात.

आजही साखरबोडीत त्या त्या वर्षी नवी आलेली सगळ्यात धाकटी सून लहानी होते, मोरीचं बूच तिच्या हाती असतं. पाणी सोडायच्या दिवशी तिच्या पुढ्यात सासरे उभे राहतात आणि आजेसासू तिला अहोजाहो करते. मागं एकदा सरकारी खात्यातून एक तरुण साहेब मोरी तपासायला आला. पाळीवर त्यानं संकोचत सांगितलं की मी ज्युनिअर इंजिनिअर आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, ज्युनिअर म्हणजे काय? तो म्हणाला, म्हणजे लहाना. तेव्हा पाळीवर बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. त्या बिचाऱ्याला काही कळेना. त्याला आधी जेवू घातलं, मग ही सगळी गोष्ट सांगितली.

पाणी सोडलं की गाव वर थांबतं. कोणी फावडं हलवत नाही, कोणी मोठ्यानं बोलत नाही. मग खूप वेळानं अगदी खालच्या बांधीतून, झाडांच्या आडून हाक येते, "लहाने, पोचलं वो!" आणि तेव्हाच कुठं साखरबोडीतला माणूस आपल्या बांधीकडे वळतो.