पटावर राणी नसते

एका राज्यात अमरधवल नावाचा राजा होता, भानुमती नावाची राणी होती आणि एक भेकड वजीर होता; त्याचे नाव घेऊन जीभ कशाला विटाळा! धूम्रकेश जादूगार राज्यावर चालून आला, तेव्हा या वजिराने काढता पाय घेतला. त्याच्या रिकाम्या जागी, राजाच्या शेजारी, राणी स्वतः उभी राहिली. जादूगाराने मूठभर राख फुंकली. राजा, राणी, हत्ती, उंट, सैन्य, सारी लाकडाची झाली आणि त्याच्या बुद्धिबळाच्या पटावर जाऊन बसली. आजोळी गेलेली राजकन्या मृणालवती तेवढी वाचली.

ती धूम्रकेशाच्या गुहेकडे निघाली. वाटेत बाभळीवरची साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, तो तीन सोंगट्या दाखवील. रूपाला भुलू नकोस, पटावरचे नाव घे. चुकलीस, तर सारी जन्माची लाकूड होतील, तूही. आणि ध्यानात ठेव, ज्या नावाने हाक मारशील, तेच होऊन ती सोंगटी उठेल."

गुहेत हाडांच्या चौरंगावर पट मांडला होता. धूम्रकेशाने कोपऱ्यातल्या बुरुजावर बोट ठेवले.

"हे कोण?"

"हत्ती."

बुरुजाला सोंड फुटली आणि हत्ती उभा राहिला.

"आणि हे टोकदार टोपीचे?"

"उंट."

उंटही मान झटकून उठला. जादूगार हसला. मेल्याने राजाशेजारची सोंगटी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिला भानुमतीचा चेहरा होता, कपाळावर कुंकू होते आणि लाकडी डोळ्यांतून पाणी गळत होते.

"बाळ," सोंगटी म्हणाली, "मला आई म्हण."

मृणालवतीने सोंगटी उचलली. आई म्हणावे, तर बापासकट सारे राज्य लाकूड. राणी म्हणावे, तरी तेच; पटावर राणी नसते, राजाशेजारी वजीर असतो. हे तिला मांडीवर बसवून आईनेच शिकवले होते. तिने सोंगटी उराशी धरली, पोटभर रडून घेतले आणि म्हणाली,

"वजीर."

पट कडाडून फुटला. धूम्रकेश जागच्या जागी राख झाला. राजा उठला, सैन्य उठले. वजीरही उठला. चेहरा तोच, पण कपाळ कोरे आणि नजर परकी.

शाप सुटला, राज्याची घडी बसली. इतका चोख वजीर त्या राज्याला कधी मिळाला नव्हता. मृणालवती रोज दरबारात येऊन त्याच्यासमोर उभी राही.

"राजकन्ये, काय काम काढलेत?" वजीर विचारी.

"काही नाही, वजीरसाहेब," ती म्हणे. "नुसते बघायला आले."